डिंगोऱ्याचा सरासरी भाव

अमृतशेठला आपण ओळखत होतो, असं सोपानतात्यांना कधी छातीठोकपणे म्हणता आलं नाही. कैक वर्षं तो त्यांच्या पायाखाली बसत होता, एवढं मात्र खरं. जुन्नरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत सावळेरामशेठची जुनी इमारत आहे. वर माडीवर तात्या आणि बायडाबाई भाड्याने राहत, आणि खाली रस्त्याला लागून अमृतचा गाळा, 'भूमिदीप प्रॉपर्टीज'. वरच्या फरशीतून खालचं सगळं ऐकू यायचं. अत्तराचा वास जिन्यात कधी चढतो, फोनवर तो कुणाला 'सर' म्हणतो आणि कुणाला 'ए बाबा', चहात साखर किती घेतो आणि चहा दुसऱ्याच्या पैशाचा असला की किती घेतो, हे तात्यांना पाठ होतं. पण माणूस आतून कसा होता, ते मात्र नाही.

त्यांना एक गोष्ट कधीच ठरवता आली नाही. अमृत लबाड होता की मूर्ख? नुसता लबाड असता तर त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. नुसता मूर्ख असता तर कीव केली असती. हा बेटा दोन्हींच्या बांधावर पाय पसरून बसलेला. तेव्हा तात्यांनी थोडी कीव केली, आणि उरलेली सगळी तुच्छता.

अमृत डिंगोऱ्याचा, गेणूचा थोरला. गेणू म्हणजे गावातलं जुनं बागायतदार घर. तात्याही डिंगोऱ्याचेच, पण गावाच्या दुसऱ्या अंगाचे, बुद्धविहाराकडच्या आळीतले. गेणू आणि ते चौथीपर्यंत एका वर्गात होते. पुढे तात्यांना पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी लागली, बदल्या झाल्या, आणि शेवटी जुन्नरच्या या माडीवर बिऱ्हाड थांबलं ते थांबलंच. अमृत खालच्या गाळ्यात आला तेव्हा आपल्या गावचं माणूस आलं, असं तात्यांना वाटलं. असं वाटणं त्यांना आयुष्यभर नडत आलेलं.

गाळ्यात येण्याआधी अमृतने काय काय केलं, त्याची मोजदाद गावाने केव्हाच सोडून दिली होती. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भाड्याने देऊन पाहिले. क्रेट गेले ते परत आले नाहीत. मोबाईलची कव्हरं विकली. घाटघरला पावसाळ्यात पुण्यामुंबईच्या पोरांसाठी तंबू ठोकले. पहिल्याच वादळात तंबू नाणेघाटातून कोकण बघायला गेले. मग भीमाशंकरच्या रस्त्याला कुणाच्या तरी माळावर चुन्याच्या रेघा मारून फार्महाउसचे प्लॉट विकायला लागला. पाटीवर लिहिलं होतं, 'ज्योतिर्लिंग फक्त वीस मिनिटांवर'. कावळ्यासारखं सरळ उडत गेलं तर ते खरंच होतं. माणसाला घाटाची वळणं धरून सव्वा तास लागायचा. प्रत्येक धंदा बुडाला की अमृत आणखी कडक इस्त्रीचा शर्ट घालून परत यायचा. बुडण्याची लाज त्याच्या अंगाला कधी चिकटली नाही, तेवढंच त्याचं भांडवल.

मग पुण्यात कुठल्याशा हॉटेलात एजंट लोकांचं दोन दिवसांचं शिबिर झालं. तिथून तो एक शब्द घेऊन आला. डेटा. कुणाच्या अंगात देवी यावी तसा हा शब्द त्याच्या अंगात आला. गाळ्यातल्या भिंतीवर भलामोठा टीव्ही लागला. टीव्हीला लॅपटॉप जोडला. गावागावांचे नोंदलेले खरेदीचे व्यवहार नेटवर बघता येतात. ते उतरवून घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची, आणि टीव्हीवर लाल-हिरव्या रेघा दाखवायच्या. रेघ नेहमी वरच जायची. खाली जाणारी रेघ तात्यांनी तिथे एकदाही पाहिली नाही.

पूर्वीचा एजंट टपरीवर बसायचा, पान खायचा आणि दोन्हीकडच्यांना आतली बातमी सांगायचा. खोटं बोलायचा, पण आपण खोटं बोलतोय हे त्यालाही ठाऊक असायचं आणि ऐकणाऱ्यालाही. त्यात एक प्रकारची शिस्त होती. अमृतने ती मोडली. तो खोटं बोलायचाच नाही. तो टीव्हीकडे बोट दाखवायचा.

"मी काय सांगत न्हाई, शेठ. मी कोण सांगणारा? आकडा सांगतोय."

आणि ज्यांनी उभ्या जन्मात कुणाच्या बापावर विश्वास ठेवला नव्हता, असे बेरकी शेतकरी टीव्हीपुढे मान डोलवायचे.

तात्यांना या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण बायडाबाईचे गुडघे गेले.

माडीचा जिना अरुंद, लाकडी आणि उभा. आधी ती एकेक पायरी बसत उतरायची. मग आठवड्यातून एकदा, बाजाराला. मग तेही सुटलं. खिडकीतून ती दोरीला टोपली बांधून खाली सोडायची आणि भाजीवाल्याशी वरूनच भांडायची. "आरं, ही मेथी हाय का कडबा? घाल परत!" गल्लीला त्याची गंमत वाटायची. तात्यांना वाटायची नाही. खाली माणसं होती, विहार होतं, भीमजयंतीचा मंडप होता, आणि ज्या बाईने आळीतल्या प्रत्येक लग्नात हळदीची गाणी म्हटली ती बाई दोरीला टोपली बांधून खिडकीत बसली होती. मरायच्या आधी मला एकदा जमिनीवर राहायचंय, एवढंच ती म्हणायची. दुसरं काही मागायची नाही.

आणि तशी सोय जुळूनही आली होती. कल्याण पेठेत साधनाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका राहत. त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, जमिनीसरसं, दाराला एकच पायरी. त्या लेकीकडे नाशिकला कायमच्या निघाल्या होत्या. तात्यांना त्या म्हणाल्या, "संक्रांतीपर्यंत तुमच्यासाठी थांबते. तुमच्यासारखा माणूस राहिला तर माझ्या तुळशीला पाणी मिळेल. पण संक्रांतीनंतर मला थांबता येणार नाही हो."

पैसा उभा करायला तात्यांकडे एकच गोष्ट होती. डिंगोऱ्यात, गावठाणात, रस्त्याच्या कडेला त्यांची तीन गुंठे मोकळी जागा. नोकरीत असताना घेतली होती, घर बांधायला. घर काही बांधलं गेलं नाही. ती विकली की साधनाबाईंचं घर, हा साधा सरळ हिशेब. गिऱ्हाईकही आपल्या पायाने चालत आलं. गावातच पशुखाद्याचं दुकान असलेला संपत माडी चढून वर आला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "तात्या, चार लाखानं गुंठा घेतो. गोडावन टाकायचंय. लांबड लावत न्हाई, तुमीबी लावू नका."

बायडाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने तिथूनच सांगून टाकलं, "देऊन टाका."

देऊन टाकलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण तात्यांचा स्वभाव आडवा आला. आपल्याला काय कळतंय, असं त्यांना कायमच वाटायचं. त्यांनी मुलाला फोन केला. कपिल पुण्यात हिंजवडीला कंपनीत होता. तो म्हणाला, "पप्पा, थांबा थोडे. कोण संपत? आजकाल असं तोंडी ठरवत नाहीत. तुमच्या खाली तो अमृत आहे ना, त्याच्याकडे डिंगोऱ्याचा डेटा असेल. आधी बघा. मी व्हिडिओवर येतो."

तात्या खाली उतरले. अमृतने खुर्ची पुसून दिली. आपली खुर्ची पुसली गेली की खिसाही पुसला जाणार, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

टीव्हीवर डिंगोरे आलं. गाव असं टीव्हीवर बघताना तात्यांना जरा बरं वाटलं. गेल्या दोन वर्षांतले रस्त्यालगतचे व्यवहार एकाखाली एक होते. चार लाख, साडेतीन, साडेचार. आणि मग एकदम बारा. खाली मोठ्या अक्षरांत सरासरी: गुंठ्याला सहा लाख.

"बघा," अमृत म्हणाला. "संपतशेठ तुमाला चार देतोय. म्हंजे गुंठ्यामागं दोन लाखाचा चुना. माणूस गोड हाय, पण गोड माणसंच महाग पडत्यात, तात्या."

फोनमधून कपिल म्हणाला, "बघितलं का पप्पा?"

तात्यांची नजर त्या बारावर अडकली होती. तो बाराचा व्यवहार त्यांना ठाऊक होता. डिंगोऱ्यात कुणाला ठाऊक नव्हता?

गेणूचं खालचं रान चुलतभाऊ रामदासच्या रानाच्या पाठीमागे होतं, आणि वाट रामदासच्या बांधावरून जायची. तीन पिढ्या तशीच चाललेली. मग रामदासच्या पोरीचं लग्न निघालं. मांडवात मानाचे फेटे बांधले, आणि गडबडीत गेणूला फेटा बांधायचा राहिला. गेणू जेवणाच्या पंगतीतून उठून घरी गेला. महिनाभर बोलणं बंद. मग रामदासने वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. मारुतीच्या पारावर सगळ्या गावासमोर गेणू म्हणाला, "तुझ्या वाटंवरनं फुकाट जात न्हाई आता. वाटच इकत घेतो. भाव बोल." गेणूने माघार घ्यावी म्हणून रामदासने तोंडाला येईल तो आकडा फेकला, गुंठ्याला बारा लाख. गेणू म्हणाला, "दिलं." त्या साली टोमॅटोला सोन्याचा भाव आला होता आणि गेणूच्या डोक्यातही टोमॅटोच होता. शेतरस्त्याची परवानगी काढून दीड गुंठ्याची पट्टी खरेदी झाली. लोक कागदावर आकडा होईल तेवढा कमी लिहितात. गेणूने पुरा लिहायला लावला. "उद्या कुणी म्हनाया नगं, गेणूनं घासाघीस केली." डिंगोऱ्याच्या दप्तरात तो आकडा असा शिरला. तो जमिनीचा भाव नव्हताच. तो न बांधलेल्या फेट्याचा भाव होता.

तात्यांनी घसा खाकरला. "अमृत, हे बारा... हे तुज्या वडलांचंच ना रं?"

"व्हय."

"मग ते कसं धरायचं यात? ते भाऊबंदकीतलं व्हतं."

अमृत हसला. त्याचं ते हसू तात्यांना पुढे फार दिवस आठवत राहिलं. देवळातल्या पुजाऱ्याने चप्पल घालून आलेल्या माणसाकडे बघून हसावं तसं.

"तात्या, डेटाला बाप नसतो."

"तसं न्हवं, पण..."

"सरकारी नोंद हाय. स्टॅम्प ड्युटी भरलीय. आपण कोण काढणार?"

तात्या उठणारच होते. पण त्यांना यादीच्या तळाशी एक ओळ दिसली, फिकट करून टाकलेली. जया नावाच्या बाईने आपली दोन गुंठे जागा भावाला दोन लाखाच्या भावाने दिली होती. "आणि ही का खोडली?"

"ती घरगुती. बहीण-भावाचा मामला. तो बाजारभाव न्हाई, म्हणून काढली."

"मग चुलतभावांचा?"

"ती ओपन मार्केट डील," अमृत म्हणाला, आणि चहाची ऑर्डर देऊन तात्यांच्या नावावर लिहायला सांगितली.

जिना चढता चढता तात्या मध्येच एका पायरीवर बसले. बहिणीची माया बाजारात धरायची नाही, चुलतभावाचा आकस मात्र धरायचा, हा कुठला हिशेब? पण टीव्ही केवढा मोठा. आणि कपिल शिकलेला. आपण कालव्याचं दार वरखाली करणारी माणसं. चुकत आपलंच असेल, असं म्हणून ते उठले.

संपतला सहा सांगितले. संपत जिन्यातच उभा होता, आत आलाच नाही. तो म्हणाला, "सहा? तात्या, तुमच्यात कुणी गेणूची हवा भरली का काय?" आणि उतरून गेला. पंधरवड्यात त्याने ओतूर रस्त्याला दुसरी जागा घेऊन पत्रे ठोकले.

"येतील की," अमृत म्हणाला. "लाईनच लागंल."

लाईन लागली, ती अमृतच्या बोलण्याची. गाड्यांतून गिऱ्हाइकं यायची, जागेवर उभी राहून शिवनेरी कुठल्या बाजूला ते विचारायची, फोटो काढायची आणि जायची. प्रत्येक वेळी अमृतकडे नवं कारण असायचं. एकदा मार्केट सुस्त होतं. एकदा निवडणुका होत्या. एकदा पितृपक्ष होता. डेटात पितृपक्ष कुठे दाखवतात, हे तात्यांना विचारायचं होतं, पण धीर झाला नाही.

मग एका सकाळी खिडकीखाली उभा राहून अमृतने जे सांगितलं, ते तात्यांच्या मनातून पुढे कधीच गेलं नाही.

"तात्या, आता रागवू नका. पण जागा तुमच्या आळीला लागून हाय ना. लोक शेजार विचारत्यात. मी मानत न्हाई हां तसलं काही. पण मार्केट मानतं."

तात्यांचे कान तापले. टोपली दोरीवर अर्ध्यात थांबली होती. वरून बायडाबाईचा आवाज आला, आणि तो सगळ्या गल्लीने ऐकला.

"का रं, सा लाख सांगताना आळी कुटं गेली व्हती? तवा काय टीव्हीच्या मागं लपली व्हती का? संपतला आळी दिसली न्हाई, चार लाख घेऊन माडी चढून आला त्यो. तुज्या त्या डबड्याला आमचं घर दिसलं न्हाई, गेणूची मिशी तेवढी दिसली!"

समोरचा न्हावी वस्तरा धरून तसाच उभा राहिला आणि मग एवढ्या मोठ्याने हसला, की खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने गाल धरला. अमृतने फोन कानाला लावला. फोन वाजलेला नव्हता.

तात्यांच्या मनात त्या दिवशी काहीतरी पक्कं झालं. लबाडी परवडली. पण 'मी मानत न्हाई' असं आधी म्हणून मग तेच विकायला काढणारा माणूस, त्याला काय म्हणावं? त्याच्याकडे स्वतःचं असं मतच नव्हतं. जात मार्केट मानायचं, भाव टीव्ही सांगायचा, आणि शर्टाच्या आत कुणी असलंच तर ते फक्त कमिशन मोजत होतं.

संक्रांत आली. साधनाबाईंनी तिळगूळ पाठवला आणि बरोबर निरोप. घर दुसऱ्यांना द्यावं लागलं, वाईट वाटून घेऊ नका. बायडाबाईने तिळगूळ हातात धरला. खाल्ला नाही, टाकलाही नाही. तात्यांनी संपतकडे जाऊन पाहिलं, चारच्या जागी साडेतीनला घेशील का म्हणून. संपत वाईट माणूस नव्हता. त्याने पेंडीच्या पोत्यावर बसवलं, चहा दिला आणि म्हणाला, "आता कुठनं घेऊ, तात्या? गेलं ना सगळं पत्र्यात." दुसरं कुणी विचारेनाच, कारण एव्हाना डिंगोऱ्यात प्रत्येकजण सहाच सांगत होता. अमृतचा तो आलेख व्हॉट्सअॅपवर घरोघर पोचला होता. ज्यांना विकायचं होतं ते सहाच्या खाली उतरायला तयार नव्हते, आणि घेणारा सहा द्यायला खुळा नव्हता. अख्ख्या गावाची जमीन अमृतने टीव्हीत कोंडून टाकली.

घेणारा खुळा नव्हता म्हटलं, पण एक होता. आणि इथे तात्यांचं गणित कायमचं चुकलं.

पाडव्याच्या सुमाराला कळलं, की अमृतने स्वतः डिंगोऱ्यात जमीन घेतली. कुणाची? रामदासची. त्याच फेट्याच्या वाटेला लागून असलेली. कितीला? सहाने.

तो किस्सा गावात ज्याच्या त्याच्या तोंडी होता. रामदासने म्हणे अमृतला घरी बोलावलं, पाटावर बसवलं, आणि आधी एक फेटा बांधला, त्याच्या बापाला राहिलेला. मग खिशातून मोबाईल काढून त्याच्यापुढे धरला. त्यात अमृतनेच धाडलेला आलेख. लाल-हिरव्या रेघा, वर जाणाऱ्या.

रामदास म्हणाला, "मी काय सांगत न्हाई, शेठ. आकडा सांगतोय. आनी तुमच्याच रेघंनं, दोन वर्सांत नऊ व्हनार. खरं का खोटं?"

यावर अमृत काय म्हणणार? खोटं म्हटलं तर धंदा गेला. खरं म्हटलं तर पैसा गेला. पण मेख अशी, की तो पेचात पडलाच नाही. त्याचे डोळे चमकले म्हणे. त्याने आईच्या पाटल्या मोडल्या, बँकेचं कर्ज काढलं, आणि आपल्याच बापाच्या हट्टातून निघालेली सरासरी आपल्याच बापाच्या भावबंदाला मोजून दिली. आणि रामदासने त्या पैशातून त्याच आठवड्यात आळेफाट्याला दोन गाळे घेतले. बाजारभावाने.

गेणू जुन्नरला आला होता तेव्हा तात्यांना स्टँडवर भेटला. चौथीतलं पोर म्हातारं होऊन काठी टेकत उभं होतं.

"सोपाना, आयकलं का? माज्या रागाचा भाव लावला रं त्यानं गावाला. आरं, मी तवा पिसाळलो व्हतो! पिसाळलेल्या मानसाचं कुनी माप धरतं का?"

तात्या "चहा घे," म्हणाले.

तेव्हापासून तात्यांनी तो लबाड की मूर्ख हा प्रश्न अनेकदा उलटापालटा करून पाहिला. त्याला ठाऊक होतं. तो बारा कुठून आला हे जगात कुणाला ठाऊक असेल तर अमृतला. पारावर तो बापाच्या शेजारी उभा होता. जयाचा व्यवहार त्याने बेधडक खोडला, म्हणजे काय धरायचं आणि काय सोडायचं याची अक्कल होती. मग तरी त्याने पाटल्या मोडल्या? लबाड माणूस आपलं विष आपल्या ताटात वाढून घेत नाही. रोज इतरांना सांगता सांगता त्याला ते खरं वाटू लागलं असावं. किंवा सुरुवातीपासूनच वाटत असावं. किंवा त्या फेट्यानेच काम केलं असेल. टीव्हीतल्या रेघांखाली शेवटी गेणूचंच रक्त. तात्यांना ठरवता आलं नाही. मात्र एक झालं. अमृतचा राग यायचा तो बंद झाला. जिन्यात भेटला की नळाखाली विसरलेल्या बादलीकडे बघावं तसं ते त्याच्याकडे बघू लागले.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. हप्ते थकले. टीव्ही भिंतीवरून उतरला, भिंतीवर चार खिळे तेवढे राहिले. इस्त्री मात्र शेवटपर्यंत राहिली. एके दिवशी कळलं, की अमृत चाकणला कुणा बिल्डरकडे फ्लॅट दाखवायच्या नोकरीवर निघाला. तिथे म्हणे त्याला 'सिनियर' म्हणणार होते.

आणि खालचा गाळा रिकामा होणार होता.

हे आधी बायडाबाईच्या डोक्यात आलं. ती दुपारी सुपात तांदूळ पाखडत होती. पाखडता पाखडता थांबली.

"खाली मोरी हाय ना हो?"

"मागल्या अंगाला हाय. छोटी."

"पायरी?"

"न्हाई. रस्त्याच्या बरोबरीलाच हाय."

"मग?"

"गाळा हाय त्यो, बायडा. शटर हाय त्याला. दुकानात काय राहायचं?"

"त्यो बसत व्हता त्यात," ती म्हणाली. "आपून बसलो म्हणून काय गाळा बाटनार न्हाई."

सावळेरामशेठने आढेवेढे घेतले, मग भाडं माडीइतकंच ठेवलं. डिंगोऱ्याची जागा तशीच पडून राहिली, सहा लाखाची, गवत वाढलेली. साधनाबाईंच्या घरात कुणीतरी दुसरं तुळशीला पाणी घालत होतं. तात्यांनी आयुष्यात मागितलेलं घर नव्हतं हे, आणि बायडाबाईने मागितलेलंही नव्हतं. पण जमीन होती.

अमृत सामान काढत होता त्या दिवशी तात्या खाली गेले. टेम्पोत टेबल चढलं होतं, फिरती खुर्ची चढली होती, टीव्ही गादीत गुंडाळून बांधला होता. तात्यांनी मनात बरंच काही जुळवून आणलं होतं. संपतचं नाव त्यात होतं, साधनाबाईंचं होतं, आळीचं होतं, आणि शेवटी तो प्रश्न होता, की बाबा रे, तुला खरंच वाटत होतं का ते? इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते काही ठरवून बोलायला निघाले होते.

गाळ्यात आता काहीच नव्हतं. काचेवरचं 'भूमिदीप' अर्धं खरवडलेलं, भिंतीवर ते चार खिळे. अमृत घाम पुसत उभा होता. शर्टाची इस्त्री मोडली होती. तात्यांना तो एकदम गेणूसारखा दिसला, आणि जुळवून आणलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. कीव आली म्हणून नव्हे. आता या माणसाला विचारून मिळणार काय, असं वाटलं.

अमृतने चावी त्यांच्या हातावर ठेवली. मग शटरकडे बोट केलं.

"तात्या, हे जरा अडकतं बरं का. वडायचं, आन खालनं पायानं दाबायचं."

तात्या म्हणाले, "बरं."